खरबरीत लाटा म्हणजे अस्सल तैलचित्र नव्हे

दारव्हा-दिग्रसकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: जहाजाच्या चित्रावर बोट फिरवा, लाटा खरबरीत लागल्या तर ते हाताने काढलेलं अस्सल तैलचित्र, बिनधास्त घ्या. हे चूक आहे. छापील कॅनव्हासवर पारदर्शक अ‍ॅक्रिलिक जेल ब्रशने फासलं की तसाच खरबरीतपणा येतो.

त्यापेक्षा टॉर्च बाजूने, चित्राला जवळपास टेकवून धरा. इंग्रज चित्रकार टर्नरने समुद्र रंगवताना वापरला तसा जाड रंग असेल, तर फेसाचा पांढरा रंगच वर उठलेला दिसतो, पॅलेट नाइफने, म्हणजे रंग लावायच्या बोथट सुरीने, ओढल्याच्या कडांसकट. जेलच्या रेघा मात्र शिडाच्या दोरावरून खुशाल आडव्या जातात. भिंगातून छपाईचे ठिपकेही सापडतात.

‘जाड रंग उन्हात ८ दिवसांत पक्का होतो’ हीसुद्धा थापच. तैलरंगात बहुधा जवसाचं तेल असतं. हो, आपल्या चटणीतलाच जवस. ते उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. वर साय धरते, आतला रंग महिनोन्‌महिने ओला राहतो. तेव्हा नवं चित्र उन्हात तापवू नका, गुंडाळून एसटीत तर अजिबात नेऊ नका. आणि बोट फिरवणं सोडाच, घामाचे डाग पडतात.