स्टार बघा, पण बटणही बघा

‘पंचतारांकित गीझर घ्या, बिल आपोआप उतरेल’ हे गीझरच्या वीजबिलावरच्या एका लेखातलं वाक्य अर्धवट आहे. बीईईचे (केंद्र सरकारच्या ऊर्जाबचत संस्थेचे) स्टार साठवणीच्या गीझरला मिळतात ते मुख्यतः तापलेलं पाणी नुसतं पडून असताना किती उष्णता गमावतं, यावर. गीझर दिवसभर चालू ठेवणाऱ्यांना त्याचा फायदा आहेच. पण आंघोळीपुरता लावून लगेच बंद करणाऱ्यांना फरक फारसा जाणवणार नाही. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर न्यायला साधारण ०.६ युनिट लागतंच, स्टार कितीही असोत!

उष्णतेची खरी गळती पाइपात असते. गीझर ड्राय बाल्कनीत आणि नळ पार पलीकडच्या बाथरूममध्ये, मग गरम पाणी येईपर्यंत दीडेक लिटर गारच वाहतं. शिवाय नळ बंद केल्यावर पाइपात अडकलेलं गरम पाणी तिथेच निवतं, ते वेगळंच. उघड्या पाइपावर काळ्या फोमची नळी चढवायला फार खर्च येत नाही. नवीन फ्लॅटवाल्यांनी तर प्लंबरला आधीच सांगावं.

आणि बोअरच्या पाण्याचा क्षार: त्याने वीज वाढण्यापेक्षा कॉइल जळायची भीती जास्त. सर्व्हिसिंगला टाकी उघडली की अ‍ॅनोड रॉड (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारी आतली दांडी) झिजलाय का, तेही बघायला सांगा. मेकॅनिक आपणहून क्वचितच सांगतो.