मोजमाप सोडा, भोक बदला

पिकअपचे मागचे पाटे उतरवून चार बारांचं लिंक सस्पेन्शन, म्हणजे मागचा एक्सल चार लोखंडी दांड्यांनी चेसिसला धरायची रचना, बसवायचं आणि ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या शर्यतीला, उतरायचं, असं मनात आलं असेल तर तुमचं अभिनंदन. कुपवाडच्या माझ्या शेडमध्ये गेल्या आठवड्यात मला जे ज्ञान मिळालं, ते तुम्हाला फुकट देतो.

सगळ्यात आधी, गाडी काट्यावर चढवू नका. उसाच्या काटामारीवर पारावर दोन तास बोललात ना, तेवढं वजनाचं ज्ञान पुरे. पुढच्या एक्सलवर किती, मागच्यावर किती, असल्या चौकशा रिकामटेकड्यांनी कराव्यात. पिकअप बनवलेली असते हौदा भरून माल न्यायला. रिकामी असली की मागं वजनच नसतं, आणि सुटताना चाकं जागेवरच फिरतात. त्याला आपण पॉवर म्हणायचं.

टेपलाही हात लावू नका. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आत्ता पाणी किती फूट किती इंच, हे पावसाळ्यात आपल्याला झोपेतही सांगता येतं. चेसिसची उंची मात्र 'गुडघ्याच्या जरा खाली'. सांगलीकराला याहून बारीक माप शोभत नाही.

बारांचा पाईप भंगारातूनच घ्या.

रॉड एंडचे, म्हणजे बारच्या टोकाला फिरवून बसवायच्या सांध्याचे, आटे बारमध्ये चार-पाच गेले तरी चालतंय. व्यासाच्या दीडपट तरी आत हवेत म्हणणारे लोक भित्रे असतात.

आता मुख्य कला. बार ज्यात बांधतात त्या ब्रॅकेटला चार-पाच भोकं असतात ती कशासाठी? बदलत बसण्यासाठी! बाजूनं बघून वरच्या आणि खालच्या बारच्या रेषा पुढं वाढवल्या की एका ठिकाणी छेदतात. मागचं चाक जमिनीला टेकतं तिथून त्या छेदबिंदूतून रेष काढून पुढच्या एक्सलपर्यंत न्यायची आणि तिथली तिची उंची गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीशी ताडून बघायची. समजा चाकांतलं अंतर ३००० मिलीमीटर, गुरुत्वमध्य ६५० वर, छेदबिंदू मागच्या एक्सलच्या १२०० पुढं आणि जमिनीपासून ३०० वर. रेष पुढं ७५० वर पोचते, म्हणजे गुरुत्वमध्याच्या उंचीच्या साधारण ११५ टक्के. शंभराच्या खाली मागची बाजू बसते, वर गेली की उचलते आणि टायर जमिनीवर दाबला जातो. जास्तच वर नेलंत तर टायर आधी आपटतो आणि मग सुटतो, गाडी बेडकासारखी उड्या मारते. हा सहावी-सातवीचा हिशोब आहे. बैलगाडीत माल मागं सरकला की गाडी उलाळ होते आणि जू उचलतं, हे आपल्या आज्याला शाळेत न जाता कळत होतं. पण आज्याकडे मोबाइल नव्हता!

आमच्या गिऱ्हाइकाकडे आहे. मी दोन दिवस घालून गाडी मोजली, बार दुसऱ्या भोकात बांधले, सगळे आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवले. रात्री यानं अमेरिकेतल्या एका ट्रकचा व्हिडिओ बघितला. त्या ट्रकला रुंद, मऊ, चिकट स्लिक, म्हणजे शर्यतीचे बिननक्षीचे टायर. आपल्याकडे स्लिक म्हणजे ऊस ओढून टक्कल पडलेला टायर. त्यात वरच्या बारचं मागचं टोक उंच दिसलं, म्हणून हा सकाळी गेट-ग्रिलवाल्याकडं गेला, हौसिंगवरच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्या कवचावरच्या, माझ्या ब्रॅकेटला वर एक पट्टी चिकटवून घेतली, नवीन भोक पाडलं, बार तिथं बांधला. शॉक तेच, पिनियनचा, म्हणजे शाफ्ट एक्सलला जोडतो त्या गिअरचा, कोन बघितला नाही, उजवा-डावा बार सारखा आहे का तेही नाही. सुटताना शाफ्टच्या पिळानं उजवं मागचं चाक हलकं होतं, त्यासाठी एका बाराला सहावा हिस्सा फेरा देऊन मी जो ताण ठेवला होता, तोही गेला. आणि संध्याकाळी मला फोन: "मामा, तुमचं डिझाइन चुकलंय. पैसे परत द्या."

डिझाइन! सुटताना वरचा बार ताणाखाली असतो रे बाबा, ओढला जातो. ती पट्टी दुसऱ्याच झटक्यात फाटली, हौसिंग फिरलं, पिनियनचं नाक वर गेलं, शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस तुटला आणि शाफ्ट डांबरावर आपटला. शाफ्टखाली लोखंडी कडं लावायला मी सांगितलं होतं. "वजन वाढतंय" म्हणाला. हौद्यात म्युझिकचा डबा होता तो नाही वाढत!

आणि हे झालं कुठं? धावपट्टीवर नाही, बायपासला, रात्री साडेअकराला. मागं सात-आठ फुटांवर पोरं मोबाइल धरून उभी होती. त्यातला एक माझ्या बहिणीचा.

आता वाकडं बोलत नाही, सरळ ऐक. रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, आणि कंपनीच्या गाडीत असा फेरबदल करून ती रस्त्यावर आणणं कलम ५२ मध्ये बसत नाही. काम घेताना मी तुला हे सांगितलं, गाडी ट्रेलरवर न्यायची असं तू माझ्यासमोर कबूल केलंस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदललेली लिहून ठेवायची, पहिले १८ मीटर किती सेकंदात गेले ते बघायचं, मगच दुसऱ्या भोकाला हात लावायचा, हेही सांगितलं. तू मान डोलावलीस आणि पट्टी चिकटवून आलास. शरम नाही वाटत?

गाडी शेडमध्ये आहे. न्यायला येशील तेव्हा ट्रेलर आण, आणि दोन्ही एक्सलच्या वजनाची काट्याची पावती आण. पैशाचं बोलायचं असेल तर आधी माझा तो कागद कप्प्यातून काढून दाखव.