शाईपेन स्वस्तच घ्या, पण लावून घ्या

रोजच्या लिखाणासाठी शाईपेन घ्यायचं तर दोन-तीन हजार रुपये घालवायची काहीही गरज नाही. शंभर ते चारशे रुपयांचं पेन वर्षानुवर्षं उत्तम चालतं. अट एकच. आणल्या आणल्या शाई भरून लिहायला बसू नका. चांगल्या महाग पेनाची निब कोणीतरी भिंगाखाली धरून पाहिलेली असते, जिभेवर, म्हणजे निबखालच्या शाई पुरवणाऱ्या पट्टीवर, नीट बसवलेली असते. स्वस्त पेनाला तेवढा वेळ कोणी देत नाही. ते राहिलेलं काम, पेन धुऊन वाळवायचा वेळ सोडला तर, घरी अर्ध्या तासात होतं. तंबोरा दुकानातून घरी आला म्हणजे सुरात आला असं नसतं, तसंच हे. "शाईपेन घेतलं, चार दिवसांत ठेवून दिलं" असं जे लोक सांगतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचं पेन वाईट नव्हतंच, ते लावलेलं नव्हतं.

आधी निवडीचं बोलू. मराठी लिहिणाऱ्याने फाइन निब घ्यावी, हे माझं ठाम मत आहे. देवनागरीत गाठी आणि पोकळ्या फार. भ, म, ध, घ, ळ, क्ष ही अक्षरं साध्या एकरेघी वहीत मीडियम निबने लिहिली की आतली जागा शाईने भरून जाते. युरोपीय मापाची फाइन निब साधारण अर्ध्या मिलिमीटरची रेघ काढते, जपानी फाइन त्याहून बारीक. त्यात आपण शिरोरेषा शब्द झाल्यावर ओढतो, म्हणजे ओल्या दंडांच्या डोक्यांवरून निब पुन्हा जाते. शाई जास्त सोडणारी निब असेल तर प्रत्येक जोडावर बारीक ठिपका साचतो आणि तिथून शाई कागदात पसरते. इंग्रजी परीक्षणं वाचून पेन घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

भरण्याच्या पद्धतीत माझं मत ड्रॉपरने भरायच्या पेनाला. मुंबईच्या एअरमेल कंपनीची वॅलिटी पेनं, कानपूरच्या कॅनराइटची पेनं, राजमहेंद्रीची इबोनाइटची (कडक रबराची) पेनं ही आपल्याकडची जुनी घराणी आहेत. ड्रॉपरच्या पेनाच्या पोकळीत थेट दोन-तीन मिलिलिटर शाई मावते, कन्व्हर्टरमध्ये (पेनात बसवायच्या, शाई ओढून घेणाऱ्या नळीत) बहुधा एक मिलिलिटरही मावत नाही. ६० मिलिलिटरच्या एका बाटलीत दोन मिलिलिटरचं पेन तीस वेळा भरतं. कार्ट्रिजच्या, म्हणजे शाई भरून विकत मिळणाऱ्या नळ्यांच्या, नादाला लागलात तर पेन स्वस्त आणि लिहिणं महाग, अशी गत होते. थोडे जास्त पैसे मोजायची तयारी असेल तर प्लॅटिनम या जपानी कंपनीचं प्रेपी, ०३ म्हणजे फाइन निबवालं. टोपणाच्या आतल्या स्प्रिंगच्या झाकणामुळे ते महिनोन्महिने न लिहिताही वाळत नाही. मात्र त्याच्या टोपणाला काठाशी तडा जातो, तेव्हा जपून.

हीरो या चिनी कंपनीच्या ३२९ आणि ६१६ या पेनांवर अनेकांचा जीव आहे, आणि ती पेनं त्या प्रेमाला पात्रच आहेत. निब झाकलेली असल्याने ती लवकर सुकत नाही. पण पहिलं पेन म्हणून नको. काय बिघडलंय ते दिसत नाही, उघडून बसवणं नवख्याला जमत नाही, आणि बाजारात नकली माल भरपूर आहे.

आता लावण्याचं. नवं पेन आधी धुवायचं. निब आणि जिभेच्या खाचांत कारखान्यातलं तेल असतं, आणि तेलामुळे शाई तुटक येते. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, निबचा भाग दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग साध्या पाण्याने फेस जाईपर्यंत धुवा. टिश्यू कागदात निब खाली करून तासभर उभी ठेवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर वापरू नका, अ‍ॅक्रिलिकला तडे जातात.

मग निब समोरून पाहा. दहापटीचं घड्याळजींचं भिंग पुरे. फटीच्या दोन बाजूंची निबची पाती एका पातळीत आहेत का, फट जिभेच्या बरोबर मधोमध आहे का, एवढंच बघायचं. भिंग नसेल तर शिरोरेषाच तुमची कसोटी. हात अजिबात न दाबता डावीकडून उजवीकडे लांब रेघ ओढा. त्या दिशेला निब खरवडत असेल तर डावं पातं खाली आलेलं आहे, कारण त्याची आतली धार पुढे राहून कागदात रुतते. उजवीकडून डावीकडे ओढताना खरवडली तर उजवं पातं. डावं-उजवं म्हणजे लिहिताना वरून दिसतं तसं. जे पातं खाली आहे ते अंगठ्याच्या नखाने खालून हलकेच वर उचला, दोन-तीन सेकंद धरा, सोडा, पुन्हा रेघ ओढून बघा. पाच-सहा वेळा करावं लागेल. जोर लावून एकदाच वाकवायला जाल तर निब कायमची फाकते. निब खरखरते म्हणून बहुतेक लोक सरळ पॉलिश पेपरवर घासायला घेतात. हे पूर्णपणे चुकीचं आहे. पाती सरळ असल्याशिवाय घासलं तर टोकाचा कठीण दाणा एका बाजूने झिजतो, आणि झिजलेला दाणा परत येत नाही. पाती जुळल्यावरही खरखर राहिली तरच पॉलिशच्या अतिबारीक पट्टीवर, म्हणजे १२००० नंबरच्या मायक्रोमेशवर, इंग्रजी आठचे आठ-दहा आकडे काढायचे आणि थांबायचं.

दुसरी तक्रार याच्या उलट असते. निब लोण्यासारखी गुळगुळीत, पण अनुस्वार उमटत नाही. ही खास आपली अडचण. देवनागरीत पेन कागदावरून सारखं उचललं जातं: काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येक वेळी नवी सुरुवात. दाण्याच्या आतल्या कडा जास्त गोल झाल्या असतील तर शाई फटीत असते पण कागदाला टेकत नाही, दाबल्यावरच येते. दुकानात पेन तपासताना आपलं नाव लिहून किंवा गोल गोल गिरवून काही कळत नाही. "संथपणे लिंबं वेचली" असं काहीतरी लिहा आणि अनुस्वार मोजा.

शाई सगळीकडेच कमी येत असेल तर बहुधा जीभ निबला चिकटलेली नाही. इथे इबोनाइटची जीभ कामी येते. ती ओळखायची कशी? इबोनाइट मंद काळं असतं, घासल्यावर गंधकाचा वास येतो. प्लॅस्टिक चकचकीत असतं आणि त्यावर साच्याची शिवण दिसते. इबोनाइट असेल तर उकळून दोन-तीन मिनिटं निवलेल्या पाण्यात फक्त निब-जीभ वीसेक सेकंद बुडवा, बाहेर काढून जीभ निबवर अंगठ्याने दाबून धरा आणि तशीच गार पाण्याखाली न्या. मऊ झालेलं इबोनाइट निबचा आकार घेतं. प्लॅस्टिकवर हा उपाय चालत नाही.

ड्रॉपरचं पेन गळतं, या तक्रारीत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. आट्यांतून झिरपत असेल तर आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या, मोहरीएवढं पुरतं. व्हॅसलिन नको, ते उन्हात पातळ होतं आणि रबराची रिंग खराब करतं. निबमधून अचानक थेंब पडत असेल तर आट्यांचा दोष नाही. शाई कमी झालेल्या पेनात हवा जास्त असते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. एक तृतीयांश शाई उरली की भरून टाका, थेंब पडायचे थांबतात. घाट चढतानाही हेच होतं. महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, बाहेरचा दाब कमी होतो. तेव्हा पेन गच्च भरलेलं किंवा पूर्ण रिकामं न्या, निब वर करून.

शाई कॅमलची घ्या आणि निश्चिंत राहा. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि गोळ्या करायला सुरुवात केली, त्यातून कॅमलिन उभी राहिली. आज कंपनी जपानच्या कोकुयोकडे आहे, पण ती शाई अजूनही गल्लीतल्या स्टेशनरीत मिळते. रॉयल ब्लू पाण्याने पुसट होते, त्यामुळे अर्ज, पाकिटांवरचे पत्ते यांसाठी ती नको. आणि कळकळीने सांगतो, त्याच कपाटात शेजारी ठेवलेली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही भरू नका. तिच्यातला लाखेसारखा चिकट पदार्थ फटीत आणि जिभेत वाळला की पाण्याने निघत नाही, पेन गेलंच समजा. दोन कंपन्यांच्या शाया मिसळू नका, गाळ बसू शकतो. पेनातली उरलेली शाई बाटलीत परत ओतू नका, बुरशी धरते.

राहिला कागद. जीएसएमचा, म्हणजे कागदाच्या वजनाचा, आकडा बघून वही घेणं पुरेसं नाही, कागदाला खळ कशी आहे त्यावर सगळं ठरतं. सत्तर जीएसएमची एखादी वही सुंदर चालते आणि शंभरच्या डायरीत शाई फुटते. शेवटच्या पानावर एक ओळ लिहा, दहा सेकंदांनी पान उलटून बघा. पावसाळ्यात तोच कागद दमट होऊन शाई पसरवायला लागतो. मग निबला दोष देऊन पाती वाकवत बसू नका. वही दोन दिवस कोरड्या कपाटात ठेवा आणि पुन्हा लिहून बघा.