पुण्यातला मुक्काम पायांसाठी राखून ठेवा

आषाढी वारीतल्या दोन्ही पालख्या पुण्यात दोन रात्री थांबतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंगा विठोबा मंदिरात. मधला एक अख्खा दिवस चाल नसते. पहिल्यांदा वारीला आलेली बरीच मंडळी हा दिवस उभ्यानेच घालवतात: सकाळी दर्शनाची रांग, दुपारी तुळशीबाग, संध्याकाळी नातेवाइकांकडे. माझं स्पष्ट मत आहे की हा दिवस पायांचा आहे, आणि त्याचं कारण पंचांगातच आहे.

माउलींचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. नवमीला पुणे, दशमीला मुक्काम, आणि तिथी पुढेमागे झाली नाही तर एकादशीला सासवड. म्हणजे सुमारे 30 किलोमीटरची चाल, वडकीनंतर दिवे घाटाची चढण आणि वर उपास, हे सगळं एकाच दिवशी. अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा चाल सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी येतो, तेव्हा पाय अजून सरावलेलेही नसतात. तुकोबारायांसोबत लोणी काळभोरला जाणाऱ्यांना चाल त्यामानाने कमी आणि घाट नाही, पण पायांचं गणित तेच.

पुण्यात पोचल्या पोचल्या, त्याच रात्री, दोन कामं उरका. कपडे धुणं आणि तळपाय बघणं. कपडे दुसऱ्या दिवशी दुपारी धुतले तर पावसाळी हवेत ते वाळत नाहीत आणि एकादशीला ओली बंडी घालून निघावं लागतं. मीठ धरलेला ओला कपडा मांड्या आणि काखा सोलून काढतो. जाड कपडा पिळून झाला की कोरड्या टॉवेलात गुंडाळून पुन्हा एकदा पिळा, मग दोरीवर टाका. बरंचसं पाणी तिथेच निघतं.

आता फोड. लहान आणि न दुखणारा फोड फोडू नका, नुसती चिकटपट्टी लावा. मोठा, ताणलेला आणि टाच टेकू न देणारा असेल तर पाय साबणाने धुवा, मेडिकलमधून बंद पाकिटातली इंजेक्शनची नवी सुई आणा, फोडाच्या खालच्या कडेला दोन ठिकाणी टोचा, गॉजने हलकं दाबून पाणी काढा. वरची कातडी कापू नका, कारण आतल्या कच्च्या त्वचेवर तेच झाकण असतं. वर पोविडोन आयोडीनचं मलम, गॉज आणि कागदी पट्टी. सुईत दोरा ओवून तो फोडातच ठेवायची जुनी पद्धत सोडा, त्या दोऱ्यावरून जंतू आत जातात. रक्ताळलेला फोड, पू, लाल रेघ किंवा ताप असेल तर सरळ वैद्यकीय पथकाकडे जा. मधुमेह असलेल्यांनी साधा फोडही स्वतः फोडू नये. त्यांच्या तळपायाला चटका कळेलच असं नाही, म्हणून गरम पाणी आधी हाताने पाहावं आणि तळपाय रोज दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत.

बोटांच्या बेचक्यात चिखल्या दिसल्या तर पाय गरम पाण्यात तासभर बुडवून बसू नका, कातडी आणखी भिजते. धुवा, बेचकी कोरडी पुसा, बुरशीनाशक पावडर टाका आणि पाय उघडे ठेवा. नखं सरळ कापा, कोपरे खोल कोरू नका. दुपारी वीसेक मिनिटं पाय भिंतीला टेकवून वर करा, मग झोपा, कारण रात्री पेठांमध्ये भजन-कीर्तन आणि गर्दीमुळे झोप तुटते. संध्याकाळी अर्धा तास सावकाश फिरा, नाहीतर पोटऱ्या आखडतात. मालीश हलक्या हाताने. एकच पोटरी सुजून गरम लागत असेल तर तिला हात लावू देऊ नका, आधी डॉक्टरला दाखवा.

चप्पल पुण्यात बदलू नका. गावोगाव हीच चूक होते: कोणी नवी कोरी चप्पल देतं, माणूस श्रद्धेने घालतो आणि घाट चढण्याआधी अंगठ्याजवळ सोलतो. पालख्या आल्या की पेठांमध्ये चांभारबांधव बसतात, अनेक जण फुकट सेवा देतात. जुन्या चपलेचा अंगठा आणि पट्टा त्यांच्याकडून शिवून घ्या.

दशमीला रात्री भात-वरण, भाकरी पोटभर खा. एकादशीला नुसत्या चहावर आणि तेलकट खिचडीवर घाट चढवत नाही. केळी, रताळं, राजगिऱ्याचा लाडू थोड्या थोड्या वेळाने, आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. ओआरएसचं 1 लिटरचं पाकीट 1 लिटर पाण्यातच मिसळायचं, पेलाभर पाण्यात नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना उपास आणि इतकी चाल एकत्र आली तर साखर एकदम खाली येऊ शकते. त्याबद्दल मुक्कामाच्या दिवशीच डॉक्टरला विचारा. रिकाम्या पोटी वेदनाशामक गोळी तर नकोच.

दिंडीचा क्रमांक, मुक्कामाचा पत्ता आणि दिंडीप्रमुखांचा फोन कागदावर लिहून खिशात किंवा कनवटीला ठेवा. फोनची बॅटरी संपते. निघण्याच्या दिवशी हडपसरला दोन वाटा फुटतात, माउलींची सासवडकडे, तुकोबारायांची सोलापूर रस्त्याने. गर्दीत चुकलेला म्हातारा माणूस कोणत्याही टाळांच्या आवाजामागे चालू लागतो आणि भलत्याच पालखीबरोबर जातो.

आणि पुणेकरांनो, तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही. पण त्या दिवशी वारकऱ्याच्या हातात पोह्यांची चौथी बशी, तिसरा प्लास्टिकचा रेनकोट आणि बिस्किटांचे पुडे असतात. कमी पडतं ते वेगळंच. बादलीभर पाणी, कपडे धुवायला दगड, छपराखाली बांधलेली दोरी, फोन चार्ज करायला जागा, आणि बायकांसाठी आतून कडी लागणारं स्वच्छ स्वच्छतागृह. सोसायटीत तळमजल्यावरचं एक स्नानगृह दोन दिवस उघडं ठेवलं तरी एका दिंडीची मोठी सोय होते. पाटी मात्र बाहेर रस्त्यावर लावा, मोठ्या मराठी अक्षरांत. ओळख नसताना दार वाजवायला बायका संकोचतात.