क्यूआर कोडच्या आधी खर्चाचा कागद टाका

हल्ली माझ्या फीडवर दर आठवड्याला एक तरी क्यूआर कोड येतो. कुणाची शॉर्ट फिल्म, कुणाचा अल्बम, कुणाचं प्रायोगिक नाटक. सोबत 'फूल ना फुलाची पाकळी' आणि खाली हात जोडलेल्या शुभेच्छांची रांग. शुभेच्छा देणाऱ्यांपैकी पैसे किती जण पाठवतात, याचा अंदाज तुम्हालाही असेलच.

मागण्यात कमीपणा आहे असं मला अजिबात वाटत नाही. 'आता भीक मागायला लागले' म्हणणाऱ्यांनी १९७६चा 'मंथन' आठवावा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगलांचा सिनेमा उभा राहिला. पटकथा आपल्या तेंडुलकरांची. पुढे हेच शेतकरी ट्रक भरभरून तो बघायला गेले. पण तिथे पाठीशी सहकारी दूध संघ होते, गावोगाव पोचलेले. फेसबुकवर पाच हजार फ्रेंड्स असले म्हणून पाठीशी संघ उभा राहत नाही.

अमांडा पामर या अमेरिकन गायिकेचा किस्सा तर मला फार आवडतो. रेकॉर्ड कंपनीकडे असताना तिच्या बँडच्या अल्बमच्या पहिल्या काही आठवड्यांत सुमारे २५ हजार प्रती खपल्या. कंपनीच्या मते अल्बम आपटला. मग २०१२मध्ये तिने किकस्टार्टर या लोकांकडून पैसे जमवायच्या वेबसाइटवर चाहत्यांकडे एक लाख डॉलर मागितले आणि जमले जवळपास बारा लाख. देणारे किती? तेही सुमारे २५ हजारच! ही माणसं तिने वर्षानुवर्षं जोडली होती. कार्यक्रम संपल्यावर थांबून सह्या द्यायच्या, गप्पा मारायच्या, दौऱ्यात चाहत्यांच्याच घरी मुक्काम ठोकायचा. नंतर त्याच वर्षी तिने स्थानिक वादकांना फुकट वाजवायला बोलावलं, वर बिअर पाजू म्हणाली. एवढे पैसे जमवून वादकांना काहीच नाही? लोकांनी धू धू धुतलं, शेवटी मानधन द्यावं लागलं. चांगलं झालं. लोकांचा पैसा घेतला की लोक विचारणारच.

आपल्या शेजारी कन्नडमध्ये पवन कुमार या दिग्दर्शकाने 'लुसिया' या सिनेमासाठी ब्लॉगवर आणि फेसबुकवर आडपडदा न ठेवता लिहिलं. शंभरेक लोकांनी मिळून ५० लाखांच्या आसपास रक्कम उभी केली, २०१३मध्ये सिनेमा आला. माणशी सरासरी काढून बघा. याला पाकळी म्हणत नाहीत.

किकस्टार्टरवर ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाच्याच खात्यातून पैसे जात नाहीत. आपल्या क्यूआर कोडला असली काही अट नसते. तीन लाख हवेत आणि चाळीस हजारच आले, तर त्या चाळीस हजारांचं काय? हे आधी लिहिलेलं मी क्वचितच बघितलंय. मी ज्यांना पैसे पाठवले त्यातल्या एका शॉर्ट फिल्मचं पोस्टर आलं, टीझर आला, मग दिग्दर्शकाचे लडाखचे फोटो आले. फिल्म अजून यायची आहे. उशीर होतो हो, सगळ्यांनाच होतो. पण दोन ओळी लिहायला काय जातं?

याउलट आमच्या ओळखीतल्या एका पोराने एकांकिकेसाठी पैसे मागताना वहीच्या पानावर खर्च लिहून त्याचाच फोटो टाकला. तालमीचा हॉल, नेपथ्याचं प्लाय, लाइट्सचं भाडं, टेम्पो येऊन-जाऊन, चहा-वडापाव. स्वतःच्या मानधनापुढे शून्य. त्यावर एका काकांनी हरकत घेतली, चहाचे एवढे कसे? पोराने न चिडता माणसं, दिवस, कप असा सगळा गुणाकार मांडला. काका म्हणाले, थर्मास घेऊन जा, निम्म्यात होईल. मग टेम्पो लहान चालेल का, प्लाय जुनं मिळेल का, यावर आणखी चार जण पडले. संध्याकाळपर्यंत त्या वाद घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पैसे पाठवले होते, काकांनी सगळ्यात जास्त. 'खूप खूप शुभेच्छा' लिहिणारे मात्र पुढच्या पोस्टवर निघून गेले होते.