कानात हेडसेट, डोक्याला ताप

रंकाळ्यावर फिरताना गाणी लावली की हेडसेट एकदम नाद खुळा. तबल्याची थाप न् थाप कळते. तेवढ्यात फोन येतो आणि पलीकडचा माणूस थेट पत्र्याच्या डब्यातून बोलायला लागतो. साडेतीन हजार मोजलेत, भावा!

कारण कळल्यावर तर जास्तच डोकं फिरलं. ब्लूटूथमध्ये गाण्याची वाट वेगळी, बोलण्याची वेगळी. माइक चालू झाला की साधारण स्टिरिओ बंद आणि सॅम्पलिंग, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतात ते, 44.1 किलोहर्ट्झवरून 16 वर, कधी कधी 8 वरसुद्धा. खोक्यावर हे कुठं लिहितात का? तिथं नुसतं ‘क्रिस्टल क्लिअर’.

आणि तो माइक! परवा महाद्वार रोडवर आईचा फोन. मी घसा ताणून सांगतोय, “घेतली हळद, घेतली!” तिला माझं काही नाही, भाजीवालीचं सगळं ऐकू. “कोण बाई बोलालीय रे तिथं?”

शेवटी वैतागून हेडसेट काढला, खिशात कोंबला, मोबाईल कानाला लावला. कानात शुकशुकाट. आई खिशातून ओरडतीय.