‘गंगापूर रोडवाले फोन करतात, सातपूरवाले सोसतात’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नाशिकमधल्या आवाजाच्या तक्रारींची आकडेवारी आरोग्याच्या अभ्यासाला कशी वापरता येईल, या माझ्या लेखावरच्या तुमच्या टीकेचा गाभा असा : तक्रारी मोजल्या म्हणजे आवाज मोजला असं होत नाही. सुखवस्तू गंगापूर रोडवरचा माणूस रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी पोलिसांच्या ११२ ला फोन लावतो, सातपूरचा कामगार कानावर उशी घेऊन पडतो. मग असल्या यादीवरून हृदयविकाराबद्दल काय बोलणार? शिवाय सरळ डेसिबलचे आकडे का घेत नाही, असंही विचारलंत.

निम्मी टीका मान्य. विभागवार नकाशाखाली ‘शहरातील आवाज’ लिहिलं होतं ते चूकच. तिथे आता ‘नोंदलेल्या तक्रारी’ असं केलं आहे. ‘दर लाख लोकसंख्येमागे’ हा रकानाही काढला. पोलीस ठाण्यांच्या हद्दी आणि महापालिकेचे सहा विभाग एकमेकांवर बसत नाहीत, आणि भागाकाराला हाताशी आहे ती २०११ ची जनगणना. पाथर्डी फाट्याकडे तेव्हापासून किती इमारती उठल्या ते तुम्हीच बघा.

उरलेली निम्मी मात्र पटत नाही. फोन करायची सवय वस्तीगणिक वेगळी असते, पण एकाच वस्तीत ती या शनिवारची त्या शनिवारी फारशी बदलत नाही. म्हणून सिडकोची तुलना कॉलेज रोडशी करायचीच नाही, सिडकोशीच करायची. एखाद्या शनिवारी रात्री सिडकोतून छातीत दुखतंय म्हणून रुग्ण दाखल झाला, तर त्याच महिन्यातले बाकीचे शनिवार तुलनेला घ्यायचे आणि त्या रात्री तक्रारी जास्त होत्या का ते पाहायचं. याला केस-क्रॉसओव्हर म्हणतात. शिक्षण, उत्पन्न, पोलिसांची भीती हे सगळं दोन्ही बाजूंना सारखंच असल्याने कटून जातं. कटत नाही ते रोज बदलणारं : एप्रिल-मे मधलं तापमान आणि हवेतले कण. दिवाळीत आवाज आणि धूर हातात हात घालूनच येतात, त्यामुळे ते दिवस वेगळे ठेवायचे. अनंत चतुर्दशीही वेगळी. त्या दिवशी आवाज शिगेला असतो, पण ‘आज चालायचंच’ म्हणून लोक फोन करत नाहीत. ढोल नाशिकचा, तक्रार कोण करणार! तिथे तक्रार आणि आवाज यांचं नातं तुटतं, आणि तुमचा मुद्दा शंभर टक्के लागू होतो.

खरा घोळ होतो तो त्याआधी, तक्रारींचा तक्ता साफ करताना, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच म्हटलं नाहीत. समजा एकाच वरातीच्या तीन ओळी आहेत : २२:१२ रविवार कारंजा, २२:३१ पुलाच्या अलीकडे, २२:५० पंचवटी. डीजेची गाडी एकच, ती पुढे सरकत गेली. ‘अर्ध्या तासात, तीनशे मीटरच्या आत आलेले फोन म्हणजे एक घटना’ असा नेहमीचा नियम लावला तर या तीन वेगळ्या घटना ठरतात. अंतर वाढवलं तर शेजारच्या लॉनमधली हळद त्यात मिसळते. म्हणून फोनांची संख्या आणि घटनांची संख्या असे दोन रकाने ठेवावेत आणि दोन्हींवर निष्कर्ष टिकतो का ते पाहावं.

दुसरी गफलत मध्यरात्रीची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमातली रात्र दहा ते सहा, पण तारीख बदलते बारा वाजता. तारखेनुसार गट पाडले की एकच रात्र दोन दिवसांत विभागली जाते. प्रत्येक वेळेतून सहा तास वजा करून मग तारीख काढली की रात्र अखंड राहते. एक्सेल तर वेगळाच छळ करतं : सेटिंग अमेरिकी असेल तर ०५/०९ म्हणजे ५ सप्टेंबर ते ९ मे समजून बसतं, आणि १३ तारखेपासून पुढच्या नोंदी नुसता मजकूर म्हणून सोडून देतं. गणपतीच्या तक्रारी मे महिन्यात दिसू लागल्या की समजायचं.

‘आवाज बंद आढळला’ हा शेराही जपून वाचावा. त्याचा अर्थ पोलीस पोहोचले तेव्हा बंद होता, इतकाच. अशा ओळी खोट्या तक्रारी म्हणून गाळल्या, तर नेमका पोलिसांची गाडी दिसताच बटण दाबणारा डीजे गळतो.

आता डेसिबलकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची अखंड मोजणारी ध्वनी केंद्रं २०११ मध्ये ज्या सात शहरांत सुरू झाली, त्यांत नाशिक नाही. सणासुदीला किंवा ठरावीक दिवशी घेतलेल्या मोजण्यांवरून वर्षभराच्या रात्री कळत नाहीत. शिवाय नियमातली मर्यादा, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, ही डीबी(ए) मध्ये आहे. यातलं ‘ए’ भारांकन म्हणजे कानाला कमी ऐकू येणारे खालचे सूर मोजताना कमी धरायचे; ६३ हर्ट्झच्या बेसला ते तब्बल २६ डेसिबल वजा करतं. डीजेच्या बेसने मांडणीवरची भांडी थरथरतात, छाती धडधडते आणि मीटर त्या मानाने सौम्य आकडा दाखवतो. तक्रार करणाऱ्याला ते भारांकन नसतं. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत आवाजाने होणारा त्रास आणि झोपमोड हे स्वतःच आरोग्यावरचे परिणाम म्हणून धरले आहेत. म्हणजे तक्रार हे डेसिबलचं सदोष माप असेल, पण त्रासाचं बऱ्यापैकी थेट माप आहे.

दोन्ही जोडायचं असेल तर तक्रारी न पाहता चिठ्ठ्या टाकून पंचवीस-तीस जागा निवडाव्यात, प्रत्येक ठिकाणी कॅलिब्रेट केलेला मीटर २४ तास लावावा, ‘ए’ आणि बेस फारसा न वगळणारं ‘सी’ अशी दोन्ही भारांकनं नोंदवावीत. मोबाइलचं ॲप नको. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, मोठा आवाज तो परस्पर दाबतो. आवाज सारखा असूनही तक्रारी कुठे कमी येतात, हे त्यातून कळेल.

नोंदी मिळवण्याचं तुम्ही विचारलंत. न्यूयॉर्कमध्ये ३११ या शहराच्या तक्रार क्रमांकावरच्या २०१० पासूनच्या नोंदी कुणीही उतरवून घेऊ शकतो. इथे माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. महाराष्ट्राच्या नियमानुसार एक विषय, साधारण १५० शब्द, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तारीख, वेळ, ठाणे, प्रकार, चौक किंवा रस्ता आणि कार्यवाही एवढंच मागा, तेही एक्सेलमध्ये. नाव आणि नंबर मागूच नका. खासगी माहिती म्हणून कायद्याच्या कलम ८ खाली नकार ओढवतो आणि अभ्यासाला त्यांचा उपयोगही नाही. घर क्रमांक चुकून आलाच तर तक्ता कुणाला देण्याआधी खोडा, कारण आपल्याकडे तक्रारदार कोण हे गल्लीला कळलं की पुढच्या वर्षी तक्रार येत नाही.

सातपूर-अंबडच्या रात्रपाळीवाल्यांची दिवसाची झोप मात्र यातल्या एकाही रकान्यात नाही. दुपारी दोन वाजता कुणी ११२ ला फोन करून झोप मागत नाही. तिथे घरोघरी जाऊन विचारावंच लागेल, आणि तेवढ्यापुरतं तुमचं म्हणणं जसंच्या तसं लेखात घेतलं आहे.